लेकरू आधी रडलं की नंतर

नोकरीतल्या कितीतरी गोष्टी आता पुसट झाल्या आहेत, पण ते ओलं अंगण अजून जसंच्या तसं डोळ्यांपुढे येतं. मी तेव्हा लातूर जिल्ह्यातल्या एका लहान गावच्या पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. मूळचा मी कंधारकडचा, त्यामुळे उन्हाळ्याचं मला कौतुक नव्हतं. तरी त्या वर्षी हद्द झाली होती. नळाला दहा-बारा दिवसांनी पाणी यायचं, मधले दिवस टँकरवर काढायचे. घराघरात ड्रम, घागरी, बादल्या, पातेली, हाताला लागेल ते भरून ठेवलेलं असायचं. आमची अदखलपात्र गुन्ह्यांची वही उघडली तर निम्म्या तक्रारी पाण्याच्याच. कोणी नंबर मोडला, कोणी पाइप कापला, कोणी कोणाची घागर लाथाडली. मी हवालदारांना म्हणायचो, आपल्याला पगार पाणीपुरवठ्याकडून मिळायला पाहिजे.

त्या दिवशी सकाळी साडेअकराच्या सुमारास ठाण्यात फोन आला. एका गल्लीतला किराणा दुकानदार बोलत होता. एका बाईनं शेजारच्या लेकराचा गळा दाबला, लोक खवळलेत, लवकर या, असा निरोप. ठाणे अंमलदारानं स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि मी एक हवालदार आणि महिला अंमलदार सोबत घेऊन निघालो. मामला बाईचा असेल तर महिला अंमलदाराशिवाय दारात पाऊल टाकायचं नाही, हे मी नव्या पोरांना पहिल्या दिवशीच सांगायचो.

गल्लीत तीस-चाळीस माणूस जमलं होतं. मधोमध भिंतीला टेकून एक चाळिशीची बाई उभी होती. गाद्या-उशा शिवायचं काम करायची. नवरा एसटीत वाहक, त्या वेळी तो नांदेडच्या गाडीवर गेलेला. तीन पिढ्यांपासून हे मुसलमान कुटुंब त्या गल्लीत राहत होतं आणि लहान-थोर सगळे तिला चाचीच म्हणत. त्या दिवशी मात्र तिला कोणी चाची म्हणत नव्हतं.

फिर्याद देणारी होती लेकराची आजी. शेतीवाडी असलेल्या घरची, आवाज खणखणीत. तिच्या मांडीवर दीड वर्षाचा नातू होता. डोळे उघडे, पण अंग सैल टाकलेलं, मधूनमधून खोकत होता. ती सकाळी बाजारात गेली होती. परत आली तेव्हा समोरच्या घरच्या म्हातारीनं तिला गाठून सांगितलं होतं. ही म्हातारी गच्चीवर कुरडया वाळत घालत होती आणि तिथून तिनं सगळं पाहिलं होतं. तिचा जबाब मी तिथेच तोंडी ऐकला.

"म्या कुरडया घालून राहिले होते, सायब. खाली बघितलं तर ही बाई लेकराचं नाक धरून तोंडावर तोंड दाबून बसलेली. मग छातीवर हात ठेवून दाबायलीय, दाबायलीय. म्या माझ्या डोळ्यांनी बघितलं."

म्हातारी खोटं बोलणारी नव्हती. इतकी वर्षं जबाब घेतल्यावर माणूस खोटं कुठे बोलतो ते पोलिसाला कळतं, आणि हिच्यात तसं काहीच नव्हतं. वैराचं कारणही आयतं हाताशी होतं. पंधरा दिवसांपूर्वी नळाच्या नंबरावरून आजी आणि चाची यांची जोरदार भांडणं झाली होती. दोघींच्या तक्रारी आमच्याच वहीत होत्या. साक्षीदार मिळाला, कारण मिळालं. राहिली लेकराची आई. बिलोलीकडची, बावीस वर्षांची पोर. ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती. मी घरात भाकऱ्या करत होते, मला काही ठाऊक नाही, एवढंच ती खाली मान घालून म्हणाली. तिची चूल पेटली तरी आहे का, यावर नजर टाकायला हवी होती. मी टाकली नाही.

लेकराला वैद्यकीय तपासणीच्या पत्रासह सरकारी दवाखान्यात पाठवलं. आजी आणि आई सोबत गेल्या. हवालदाराला मी पंचनाम्याला तिथेच ठेवलं आणि चाचीला ठाण्यात आणलं.

चौकशी मी स्वतः केली, आणि खरं सांगायचं तर वाईट केली. आवाज चढवला. लहान लेकरावर हात टाकणाऱ्याची मला पहिल्यापासून चीड, त्यात डोळ्यांदेखतचा साक्षीदार. तू त्यांच्या अंगणात कशाला गेलीस, छाती का दाबलीस, भांडणाचा राग होता का, असे तेच तेच प्रश्न मी फिरवून विचारले. ती म्हणायची, मी लेकराला मारलं नाही, पुढचं मला विचारू नका. आणि मधेच मलाच विचारायची, लेकरू कसं आहे? दोनदा विचारलं, तीनदा विचारलं. मला ते ढोंग वाटलं. इथे प्रश्न मी विचारतो, असं तिला खडसावून मी बाहेर आलो. दवाखान्यातून कळलं होतं की लेकराच्या छातीवर मधोमध लालसर खूण आहे. मी मनात खुनाच्या प्रयत्नाचं कलम लावून मोकळा झालो होतो.

दुपारी हवालदार पंचनामा सहीला घेऊन आला. सहीआधी वाचायची सवय होती म्हणून वाचला. त्यात लिहिलं होतं, अंगणात पाणी सांडलेले असून अर्धा कापलेला प्लास्टिकचा ड्रम आडवा पडलेला आहे. सकाळी ते अंगण मीही पाहिलं होतं, बुटाला चिखलही लागला होता. तरी तेव्हा डोक्यात काही आलं नाही. आजीनं सांगितलं होतं की ड्रमही त्याच बाईनं रागापोटी ओतला.

मी विचार करत बसलो. त्या दिवसांत लोक तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा भांड्यांना वापरत आणि ते उरलं तर कडुनिंबाला घालत. भरलेला ड्रम ओतणं म्हणजे मोठीच गोष्ट. बरं, एखादीला चोरून लेकराचा जीव घ्यायचा आहे, तर ती आधी ड्रम आडवा करून धडधड आवाज कशाला करील? मी म्हातारीला पुन्हा बोलावून घेतलं. पाय दुखत होते तिचे, म्हणून जीप पाठवली. समोर बसवून चहा दिला आणि सकाळी विचारायला हवा होता तो प्रश्न तेव्हा विचारला. तुम्ही खाली पाहिलं तेव्हा लेकरू रडत होतं का?

"न्हाई. निपचित पडलेलं होतं. मला वाटलं निजलंय."

"मग रडलं कधी?"

"हिनं दाबून दाबून, तोंड लावून... त्याच्यानंतर रडलं. लई जोरात रडलं. तवा म्या खाली उतरायला निघाले."

गळा दाबला तर रडणारं लेकरू गप्प होतं. हे गप्प असलेलं लेकरू रडायला लागलं होतं. म्हातारी खरंच बोलत होती, तिनं पाहिलेलं सगळं खरं होतं, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून त्याचा उलटा अर्थ लावला होता.

मी उठतो न उठतो तोच दवाखान्यातून डॉक्टरांचा फोन. ते वैतागलेले होते. लेकराचा श्वास वाढलाय, ओठ काळे-निळे पडायला लागलेत, छातीत पाणी गेल्यासारखा आवाज येतोय. घरचे म्हणतात गळा दाबला, पण हे गळा दाबल्याचं वाटत नाही. हे पाण्यात पडलं होतं का आणि किती वेळ, एवढं मला कोणीतरी सांगा.

मी चाचीपुढे जाऊन बसलो. या वेळी आवाज चढवला नाही. डॉक्टर काय म्हणाले ते तिला जसंच्या तसं सांगितलं. ऐकता ऐकता ती उठून उभी राहिली.

"सायब, म्या त्या पोरीला वचन दिलं होतं, कुणाला सांगणार न्हाई म्हणून. पण लेकराच्या जिवापुढं वचन काय कामाचं? आधी दाक्तरला फोन लावा. लेकरू डोक्यावर ड्रममधी पडलं होतं. म्या काढलं तवा श्वास चालू नव्हता."

मी तिथूनच फोन लावला आणि तिलाच बोलायला दिला. तिनं सांगितलं ते असं. गल्लीच्या टोकाला टँकर आला म्हणून सून झोपलेल्या लेकराला घरात ठेवून दोन घागरी घेऊन पळाली. लेकरू उठलं, अंगणात आलं आणि त्या बुटक्या ड्रमच्या काठावर ओणवं झालं. चाचीला भिंतीपलीकडून आधी पाण्याचा छपाक आवाज आला आणि मग काहीच आवाज आला नाही. त्या शांततेनंच ती धावली. वरून नुसते पाय दिसत होते. वाकून ओढायला गेलं तर लेकरू निसटत होतं, म्हणून तिनं ड्रमच आडवा केला. मग आपल्या तोंडानं श्वास दिला, छाती दाबली, आणि लेकरू ओकलं, रडलं. सून घागरी घेऊन परतली तेव्हा ते रडतच होतं. तिनं चाचीचे पाय धरले. सासूबाईंना कळलं तर मला माहेरी धाडतील, बाप नाही मला, कुठे जाऊ?

हे सगळं तुला आलं कुठून, असं महिला अंमलदारानं तिला विचारलं. नवऱ्याला डेपोत प्रथमोपचाराचं शिक्षण दिलं होतं. तो घरी आल्यावर बायकोनं शिवलेल्या उशीवर हौसेनं सगळं करून दाखवायचा, आणि ही शिवण करता करता त्याची थट्टा करायची. उशीत जीव आला का म्हणून विचारायची. थट्टा करता करता तिला सगळं पाठ झालं होतं.

मी दवाखान्यात पोचलो तेव्हा लेकराला ऑक्सिजन लावला होता आणि लातूरला हलवायची तयारी चालली होती. डॉक्टरांना अजून एक गोष्ट हवी होती, ती फक्त आई सांगू शकत होती. लेकरू एकटं किती वेळ होतं? मी त्या पोरीला म्हणालो, बाई, चाचीनं सगळं सांगितलंय, आता भ्यायचं कारण नाही. ती सासूकडे बघत राहिली. मग म्हणाली, दोन घागरी भरून आले तेवढाच वेळ, टँकरवर गर्दी नव्हती. आजी सुनेकडे वळली. मला वाटलं आता इथेच भडका उडणार.

"मला भिऊन गप बसलीस व्हय गं?" असं म्हणून ती मटकन बाकावर बसली आणि रडायला लागली. थोड्या वेळानं तिनं सुनेला जवळ ओढून बसवलं.

डॉक्टर माणूस चांगला होता. गाडी येईपर्यंत त्यांनी मला समजावून सांगितलं, ते मी वाचकांना सांगतो. लहान लेकराचं डोकं अंगाच्या मानानं जड असतं. ते एकदा बादलीत गेलं की त्याला उठता येत नाही, आणि बुडताना ते ओरडतही नाही. त्याला फूटभर पाणीही लागत नाही, वीतभर पुरतं. बाहेर काढल्यावर लोक लेकराला उलटं धरून गरगर फिरवतात, पोट दाबून पाणी काढायला बघतात. तसं करू नये, त्यात वेळ जातो आणि अपाय होतो. श्वास नसेल तर पाठीवर ठेवून, हनुवटी थोडी वर करून, नाक धरून तोंडानं छाती फुगेल इतपतच श्वास द्यायचे, आधी पाच. तरी हालचाल नसेल तर छातीच्या मधोमध एका तळव्यानं भराभर तीस वेळा दाबायचं, मग दोन श्वास, आणि मदत येईपर्यंत थांबायचं नाही. कोणालातरी एकशे आठला फोन करायला पिटाळायचं. श्वास आला की कुशीवर निजवायचं, ओले कपडे काढून गरम ठेवायचं. आणि लेकरू रडलं, हसलं, दूध प्यायलं, तरी दवाखान्यात आणायचंच. पाणी छातीत गेलं असेल तर त्रास काही तासांनीही सुरू होतो. या लेकराचं नेमकं तेच झालं होतं. डॉक्टर म्हणाले, त्या बाईनं दिलेले श्वास नसते तर माझ्यापर्यंत हे लेकरू आलंच नसतं.

लेकरू चौथ्या दिवशी घरी आलं. आजीनं येऊन फिर्याद चुकीच्या समजुतीनं दिल्याचा जबाब दिला आणि ठाण्यातून थेट चाचीच्या घरी गेली. तिथे काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. पुढे त्या दोन घरांची पाण्याची तक्रार आमच्या वहीत आली नाही एवढं खरं. मी आमच्या ठाण्यातल्या सगळ्यांना गोळा करून चाचीकडून एका उशीवर ते श्वास देणं शिकून घेतलं. सुरुवातीला शिपाई हसत होते, मग हसायचे थांबले.

त्या शिकवणीच्या दिवशीच मी तिला विचारलं, तू मला पहिल्या तासातच का नाही सांगितलंस? पोलिसाला तरी सांगायचं होतंस.

"तुम्ही सगळ्यांनी मला इचारलं, तू काय केलंस. लेकराला काय झालं, हे एकानंबी न्हाई इचारलं, सायब."

तिथून पुढे निवृत्त होईपर्यंत लेकराची कुठलीही तक्रार आली, पडल्याची, भाजल्याची, काही गिळल्याची, की मी पहिला प्रश्न लेकरू कसं आहे हाच विचारला. दोषी शोधायला दिवस पडलेला असतो. घरातल्या माणसांनाही माझं हेच सांगणं आहे. तुमच्या घरात लेकराला काही झालं तर आधी कोणाचं चुकलं म्हणून ओरडू नका. तुम्ही ओरडाल या भीतीनं कोणीतरी डॉक्टरांपासून खरं लपवतं, आणि त्याची किंमत लेकरू मोजतं.

तीसेक वर्षं प्रश्न विचारण्याचीच नोकरी केली, आणि कोणता प्रश्न आधी विचारायचा ते मला उशा शिवणाऱ्या एका बाईनं शिकवलं. माझ्या हातून एक निरपराध बाई आत जाता जाता राहिली आणि एका आईच्या मांडीवर तिचं लेकरू राहिलं, ते तिच्यामुळे. घटनेच्या दिवशी गडबडीत मी तिला फक्त घरी जा एवढंच म्हणालो होतो. तिचे आभार मानायचे राहून गेले, ते इथे मानतो.