नणंदेची हनुवटी आणि उकळलेल्या सुया

लग्न होऊन सासरी आले तेव्हा माझ्या अंगावर एकही गोंदण नव्हतं. आई लहानपणीच गेलेली, आणि वडिलांना असल्या गोष्टी सुचत नसत. सासरचं गाव नरसीच्या अलीकडे, कयाधूच्या काठाला. घरात शेती थोडी, शेळ्यामेंढ्या पुष्कळ. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. त्यांनी बाजारात शेळी पारखावी तसा माझा हात उलटापालटा करून पाहिला आणि सांगितलं, सोनंनाणं इथंच राहतं, गोंदण तेवढं वर बरोबर येतं. कोऱ्या हाताने गेलीस तर देव विचारील, ही कोणाच्या घरची.

नणंद माझ्याच वयाची. ती म्हणाली, देवाला इतक्या बाया असताना तो प्रत्येकीचा हात कशाला बघत बसेल. आत्याबाईंनी तिला ताकाची रवी दाखवली, आणि आम्ही दोघी पोट धरून बाहेर पळालो. त्या दिवसांत आम्हाला हसायला काहीही पुरायचं. बोकड शिंकला तरी पुरायचं.

एकादशीला आत्याबाई आम्हा दोघींना घेऊन नरसीला गेल्या. देवाचं दर्शन झालं, आणि रस्त्याच्या कडेला चिंचेखाली गोंदणारीण बसली होती तिथं आम्ही रांगेत बसलो. माझ्या पुढच्या बाईच्या मनगटाजवळ एक पिकलेला फोड होता. गोंदणारणीने त्याच्या शेजारीच तिला विंचू काढून दिला, सुया पदराला पुसल्या आणि माझा हात ओढला. नारळाच्या नरोटीत काजळ कालवलेलं होतं, सकाळपासून सगळ्यांना तेच. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. मला फक्त दुखायची भीती होती.

ती म्हणाली, मालकाचं नाव घेत राहा, म्हणजे दुखणार नाही. आता नवऱ्याचं नाव मी कशी घेणार? मी तोंड घट्ट मिटलं. तेव्हा नणंद भावाची लहानपणची एकेक टोपणनावं सांगायला लागली, आणि ती अशी होती की मला हसू आवरेना. हात हलला, सुई हलली, हातावर उमटणारं तुळशीचं वृंदावन एका बाजूला कललं. गोंदून घ्यायची नणंदेची पाळी आली तेव्हा ती जागेवर नव्हतीच. बांगड्यांच्या दुकानांतून, प्रसादाच्या पाट्यांवरून उड्या मारत ती पुढे आणि आत्याबाई मागे, अशी त्यांची यात्रा मी चिंचेखाली बसून पाहिली.

दोन-तीन दिवसांत माझा हात दुधी भोपळ्यासारखा सुजला. आत्याबाईंनी हळद लावली, मग कोणीतरी सांगितलं म्हणून राख लावली. हात ठणकू लागला, ताप भरला, आणि गोंदणापासून एक तांबडी रेघ वर काखेकडे निघाली. ती रेघ पाहिल्यावर मालकांनी कोणाला न विचारता गाडी जुंपली आणि मला हिंगोलीच्या दवाखान्यात नेलं. नणंद हट्टाने बरोबर आली.

तिथला कंपाउंडर म्हातारा मुसलमान होता, मेंदी लावलेली दाढी आणि आवाज मोठा. त्याने हात पाहिला आणि आधी काय विचारलं तर माझ्या पुढे कोण बसली होती. मी फोडाची गोष्ट सांगितली.

"मग तिचा फोड सुईवर बसून तुझ्या घरी आला, बेटी," तो म्हणाला. "सुई पदराला पुसली म्हणता. पदर काय गंगा हाय?"

स्पिरिटच्या दिव्यावर एका पत्र्याच्या डबीत त्याची अवजारं खळखळत होती. त्यातली एक सुरी चिमट्याने काढून त्याने पू मोकळा केला. मी किंचाळले ते बाहेर बैलांनीही ऐकलं असेल. मग जांभळ्या पाण्याने हात धुतला, कोपरापर्यंत माझा रंग वांग्याचा झाला. पट्टी बांधताना तो नणंदेकडे पाहून सांगत होता, कारण माझं लक्ष नव्हतं: सुया चांगल्या उकळू द्यायच्या, नुसत्या गरम पाण्यात बुडवून भागत नाही. हात साबणाने धुवायचे. काजळ ताजं, फडकं धुतलेलं. अंगावर फोड असेल त्या बाईची सुई दुसरीला लावायची नाही. वर हळद-राख फासायची नाही, हात लावायचा नाही. आणि तांबडी रेघ दिसली तर घरी बसून राहायचं नाही.

परतीच्या वाटेवर नणंदेने गाडीत त्याची नक्कल सुरू केली. हवेत दाढी कुरवाळत, जड आवाजात, सुया उकळू द्यायच्या, बेटी. मला ताप होता, हात ठणकत होता, तरी मी हसत होते आणि हसलं की हात जास्त ठणके. मालकांनी एकदा मागे वळून विचारलं, काहून हसून राहिल्या? त्यावर तर आम्ही गाडीत आडव्याच झालो. पण त्या नकलेमुळे कंपाउंडरचं सगळं बोलणं मला पाठ झालं. हात महिनाभराने बरा झाला. तुळशीच्या जागी एक व्रण आणि दोन-चार निळी पानं उरली. आत्याबाई म्हणायच्या, तुळस कुठली, बोरीचं झुडूप झालं.

पुढल्या साली नणंदेचं लग्न कनेरगावाकडच्या घरी ठरलं. तिकडून निरोप आला की मुलीच्या हनुवटीवर गोंदण हवं. नणंद सरळ मेंढ्यांच्या वाड्यात जाऊन बसली. वैनीचा हात मी बघितला, म्हणाली, माझं तोंड मी देणार न्हाई.

मी आत्याबाईंना म्हटलं, गोंदणारणीला घरी बोलवू आणि कंपाउंडरने सांगितलं तसं करू. त्यांना ते पटेना. सुई उकळली की तिचा गुण जातो, असं त्यांचं म्हणणं. मी एवढंच विचारलं, लग्नात हनुवटी भोपळ्याएवढी झाली तर मुंडावळ्या कुठं लोंबायच्या?  त्यांनी स्वतःच उठून पितळेचं पातेलं घासायला घेतलं.

गोंदणारीण आली ती चुलीवरचं पातेलं पाहून रागावली. तिच्या आजीपासून याच सुया चालत आल्या होत्या आणि कोणी मेलं नव्हतं. मी बाही वर करून हात पुढे केला. तिने व्रणावरून बोट फिरवलं, उरलेली निळी पानं ओळखली.

"ही तुळस माझी हाय," ती हळूच म्हणाली. मग सुया माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "उकळ मग."

सुया एका काडीला दोऱ्याने बांधलेल्या होत्या आणि दोरा कुणाकुणाच्या रक्ताने काळा पडला होता. तो कापून चुलीत टाकला, काडीही टाकली. सुया, नवी काडी, नवा दोरा, फडकं, सगळं पातेल्यात रटरटलं. आत्याबाई पळीने ते ढवळायला लागल्या. सवयीने त्यांचा हात मिठाच्या मडक्याकडे गेला, आणि तिथून जे हसू सुटलं ते आवरेचना. गोंदणारीण साबणाने हात धुऊन, ते कशालाही लागू नयेत म्हणून वर धरून उभी होती, एखाद्या भजनात नाचायला उठल्यासारखी. मी नव्या पणतीवर काजळ धरलं आणि उकळून गार केलेल्या पाण्यात कालवलं.

आता नणंदेची हनुवटी स्थिर राहायला हवी होती. सुई जवळ आली की ती हसायची. गोंदणारणीने दम दिला, मग तीच हसली आणि सुई मागे घेतली. आत्याबाईंनी हसणाऱ्यांना बाहेर जायला सांगितलं. आम्ही सगळ्या बाहेर गेलो, तर आत आत्याबाईच हसत असलेल्या ऐकू आल्या, म्हणून त्यांनाही बाहेर काढलं. शेवटी गोंदणारणीबरोबर फक्त मी आत गेले, नणंदेचं डोकं मांडीवर घट्ट धरलं आणि तिला म्हटलं, होणाऱ्या मालकाचं नाव मनात घे. तिने डोळे मिटले. कान लाल झाले. ठिपके पडले.

हनुवटी एक दिवस थोडी सुजली, मग खपली धरली. खपलीला हात लावायला लागली की मी कंपाउंडरसारखी दाढी कुरवाळून दाखवायची, आणि ती हात खाली घ्यायची. लग्नात ते ठिपके हळदीच्या पिवळ्यावर इतके निळे दिसले की तिच्या सासूने गोंदणारणीचं गाव विचारून घेतलं.

त्यानंतरच्या एकादशीला मी नरसीला गेले. चिंचेखाली तीन दगडांची चूल मांडलेली होती आणि त्यावर पातेलं. रांगेतल्या एका म्हातारीने विचारलं, बाई, इथं चहा मिळतो का? गोंदणारणीने माझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, हिला विचारा, हिच्यामुळं मी सुया रांधून राहिले. मी तिथंच धुळीत बसून हसले. म्हातारीला वाटलं माझ्या अंगात आलं, ती हात जोडून बाजूला सरकली.