शेवटच्या बाईचं सामान

लग्न होऊन गिरगावातून काळाचौकीला आले आणि पहिल्याच महिन्यात कळलं, की आमच्या माळ्यावरच्या बायका मरणाची भिशी लावतात. मला वाटलं, नव्या सुनेची थट्टा चालली आहे. भिशी म्हणजे मिक्सर घ्यायचा, गळ्यातलं करायचं, फार तर पोराची फी भरायची. आमच्या गिरगावच्या घरात मरणाचा विषय निघाला की आजी "शुभ बोल गं" म्हणून गप्प करायची. आणि इथे माझ्या सासूबाई चहात पाव बुडवत सांगत होत्या, की या महिन्याचा हप्ता भरून झाला, आता कधीही जायला मोकळी.

सासूबाईंना मी आई म्हणायचे. मूळच्या मालवणकडच्या, पण सारी हयात चाळीत गेलेली. भिशीचा पत्र्याचा डबा आमच्याच घरी, देव्हाऱ्याच्या खाली असायचा. त्याची सुरुवात गिरण्या बंद पडल्या त्या काळातली. कोपऱ्यातल्या खोलीतली एक बाई वारली, घरात दमडी नाही, आणि कर्ता माणूस सुन्न होऊन बसलेला. शेवटी तिची मुलगी उसने पैसे घेऊन लालबागला सामान आणायला धावली. कापड, मडकं, बांबू, हळद-कुंकू. दुकानदाराशी घासाघीस करून ती परत आली तोवर सगळे निघायच्या तयारीत होते. आईचं तोंडसुद्धा तिला धड बघायला मिळालं नाही. आमच्या आईंनी आणि माळ्यावरच्या बाकीच्या बायकांनी त्याच आठवड्यात ठरवलं, की यापुढे आपल्यातल्या कुणाच्या लेकीवर ही वेळ येता कामा नये.

म्हणून भिशीतले पैसे घरच्यांच्या हातात द्यायचेच नाहीत, असा नियम होता. कोणी गेलं की बायकाच सामान आणायच्या, बायकाच पाणी तापवायच्या, आंघोळ घालायच्या, केस विंचरायच्या. घरच्या बाईने फक्त बसायचं आणि रडायचं. "रडणारीने काम करायचं नाही, काम करणारीने रडायचं नाही," हे त्यांचं वाक्य. ऐकायला कठोर वाटायचं. पण जिन्याजवळच्या खोलीतल्या मावशी गेल्या तेव्हा मी ते पाहिलं. त्यांची मुलगी आईचे पाय मांडीवर घेऊन पोटभर, मोठ्याने रडत होती, आणि तिला कोणी एक शब्द विचारत नव्हतं. आधारकार्ड कुठे, तुळस कुठे, भटजीला फोन केला का, काहीच नाही. आमच्या आई कोरड्या डोळ्यांनी मावशींच्या केसांना तेल लावत होत्या. त्यांची ही मैत्रीण होती, रोज संध्याकाळी कठड्याला टेकून गप्पा मारणारी. आई घरी आल्या, आंघोळ केली, भात लावला, आणि कुकरच्या शिट्टीच्या आवाजात रडून घेतलं. आंघोळीनंतर रडायला परवानगी असायची.

आता या शहाण्या बायकांनी एक वेडेपणाही केला होता. सासू आणि सून एका भिशीत नकोत, असा नियम. का, तर सून हप्ता भरते म्हणजे सासूच्या मरणाची वाट बघते, असं लोक म्हणतील! भिशीतल्या झाडून साऱ्या बायका सासवा. म्हणजे माळ्यावरची एकही तरणी बाई आत येऊ शकत नव्हती. आतून कडी लावून घ्यायची आणि मग कोणी येत का नाही म्हणून वाट बघायची, त्यातला प्रकार. मी एकदा म्हणाले, "आई, मला घ्या ना. मी भरते." तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्यांच्या चहात काही घातलंय. पुन्हा विषय काढला नाही.

मग व्हायचं ते झालं. एकेक बाई जात राहिली, उरलेल्या कमी हातांनी तेच काम करत राहिल्या. कोणी मुलाबरोबर विरारला गेली, कोणी डोंबिवलीला. जाताना प्रत्येकीने "फोन करा, येईन" म्हटलं आणि स्वतःच आधी गेली. चाळ पडली, टॉवर झाला, आम्ही वरच्या मजल्यावर राहायला आलो. पत्र्याचा डबा देव्हाऱ्याखाली तसाच आला. त्याची मालकीण म्हणा, सभासद म्हणा, एकट्या आमच्या आई.

"सगळ्यांचा केलंय मी," त्या एक दिवस खिडकीत बसून म्हणाल्या. "आता शेवटच्या बाईचा काय गो?"

माझ्या नवऱ्याला हा प्रश्न सोपा वाटला. त्याने अंत्यविधीचा विमा विकणाऱ्या एका माणसाला घरी बोलावलं. माणूस बरा होता. त्याने समजावून सांगितलं, की स्मशानात महापालिका दहनाचे पैसे घेत नाही, लोकांची गफलत तिथेच होते. खर्च असतो तो त्याच्या आधी आणि नंतर: सामान, गाडी, भटजी, मग दहावं, बारावं, तेराव्याचं जेवण. आणि हा खर्च अशा दिवशी येतो की त्या दिवशी कोणी भाव करत नाही. यांच्या विम्यात ते सगळं बसत होतं. मला पटलं. आजही पटतं.

आईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "बायका किती येतत?"

"आमचा स्टाफ असतो ना, आजी. ट्रेन्ड."

"माका वळाखणारी कोण येतली?"

"तुमच्या घरच्यांना काही करायचं नाही आजी, फक्त एक फोन," तो म्हणाला. नवऱ्याने सही केली. आई आत जाऊन पडल्या.

दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी मला लालबागला चल म्हटलं. बाजारात काही हवं असेल, असं मला वाटलं. त्या थेट अंत्यसामानाच्या दुकानापाशी जाऊन उभ्या राहिल्या, हातात भिशीचा डबा. दुकानदाराने सवयीने आवाज खाली आणून विचारलं, "कोण गेलं, आजी?"

"कोण गेला नाय अजून. माकाच होया."

त्याचा हात बांबूवर होता, तो त्याने काढून घेतला. आई मात्र ताठ उभ्या राहिल्या, जणू शिंप्याकडे आल्यात. "बघ, माप घे."

"आजी, जित्या माणसाला नाय देत आम्ही हे," तो हात जोडून म्हणाला. "धंद्याला बरं नाय आणि तुमाला पण बरं नाय. बसा, पाणी प्या." त्याने स्टूल पुसून दिलं. आई बसल्या नाहीत. मला हसू येत होतं, खोटं कशाला सांगू. लाजही वाटत होती.

परतताना त्यांनी शेवग्याच्या शेंगा घेतल्या, भाव कमी करून घेतला, आणि पिशवी माझ्याकडे देत म्हणाल्या, "मगे तूच कर सगळा. परक्या बाईक हात लावूक दिव नको. पण मगे तुका रडूक गावाचा नाय, सांगून ठेवतंय."

"मी कुठे एवढी रडणारी बाई आहे, आई?"

त्या रस्त्यात थांबल्या. मागून येणारा हातगाडीवाला ओरडला तरी हलल्या नाहीत. "इतकी वर्सा हप्ते कशाक भरलंय मी? तुका सुखान रडूक गावूक होया म्हणान."

तोवर मला वाटत होतं, की ती भिशी त्या स्वतःसाठी भरत होत्या. साडी बरी मिळावी, चार बायका दाराशी असाव्यात, म्हातारीचा मान राहावा, एवढंच. डब्यातला शेवटचा वाटा, सुखाने रडायला मिळण्याचा, माझ्या नावाचा होता, आणि तो मला देणारं कोणी उरलं नव्हतं. मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. तेव्हा काहीतरी बोलायला हवं होतं.

त्या गेल्या सकाळी, चहा टाकला होता तेव्हा. न्यूमोनिया झाला होता, हॉस्पिटलातून घरी आणलं होतं, डॉक्टरांनी आशा दिली नव्हती. तरी चहा त्यांच्यासाठी कमी साखरेचा वेगळा ठेवला होता.

मी तो एक फोन केला. मग डॉक्टरांच्या दाखल्यासाठी दुसरा, सोसायटीच्या ऑफिसला सर्व्हिस लिफ्टसाठी तिसरा, आणि पुढचे मोजले नाहीत. नवरा कागद घेऊन खाली-वर करत होता. गेटवरचा वॉचमन गाडीचा नंबर विचारत होता. कंपनीची माणसं मात्र वेळेवर आली, सगळं सामान घेऊन, एक वस्तू कमी नाही. त्यांच्यात एक बाई होती, माझ्याहून लहान. तिने हातमोजे चढवले आणि फार मऊ आवाजात म्हणाली, "मॅडम, तुम्ही बसा बाजूला. मी करते सगळं."

बसले असते तर रडू आलं असतं. आईंचे पाय मांडीवर घेऊन, त्या मावशींच्या मुलीसारखं, मोठ्याने. ती बाई नीटच करणार होती, तिच्या हातात काही वाईट नव्हतं. पण तिला ठाऊक नव्हतं, की आईंना अंबाडा घट्ट लागतो आणि डाव्या खांद्याला धक्का लावायचा नाही, तो जुना दुखरा आहे.

"नको," मी म्हणाले. "मी करते. तुम्ही पाणी द्या."

मी आंघोळ घातली. तेल लावलं. अंबाडा घट्ट बांधला. कंपनीने आणलेलं कापड वरून घातलं, आत त्यांची मऊ झालेली साडी नेसवली. डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. सर्व्हिस लिफ्टमध्ये त्या सरळ मावेनात, जरा तिरकं करावं लागलं, तेव्हाही मी "खांदा सांभाळा, डावा खांदा" एवढंच ओरडत होते. लिफ्टचं दार बंद झालं. मी फरशी पुसली, दिवा लावला, आंघोळ केली. बाहेर आले तर कोणीतरी विचारलं, साखर कुठे ठेवलीस?

तेराव्यानंतर कंपनीतून एका मुलीचा फोन आला. सेवा कशी वाटली, एक ते पाचमध्ये किती गुण द्याल? मी पाच दिले. खोटे नव्हते. पैशाची ओढाताण झाली नाही, कुणापुढे हात पसरावा लागला नाही. ज्यांच्याकडे तेही नसतं त्यांचे हाल मी चाळीत पाहिलेत.

"आणखी काही सुधारणा सुचवाल, मॅडम?"

"चार बायका पाठवत जा," मी म्हणाले. "ओळखीच्या."

"सॉरी मॅडम, समजलं नाही."

"काही नाही. सगळं व्यवस्थित झालं."

फोन ठेवून मी भात लावायला घेतला. तांदूळ धुतले, पाणी घातलं, कुकरचं झाकण लावलं. घरात कोणी नव्हतं. पहिली शिट्टी झाली, दुसरी झाली, मी ओट्याला टेकून वाट बघत उभी राहिले. रडू आलं नाही. अजूनही आलेलं नाही.