झोपेतलं हसू पाहिलं कुणी?

विमा कंपनीच्या त्या कचेरीत तिला सगळे ‘एक्स-रे बाई’ म्हणत. तोंडावर अर्थात नुसतंच ‘बाई’. गाड्यांचे क्लेम तपासणं हे तिचं काम. उभ्या गाडीवर झाड पडलं असं कुणी लिहून दिलं, तर बाई आधी झाड बघायला जायची. झाड पडलेलं असलं तर कुऱ्हाडीची खूण शोधायची. ‘मी अगदी हळू चालवत होतो’ हे वाक्य तिनं आयुष्यात इतक्यांदा वाचलं होतं, की सावकाश गाडी चालवणारा माणूस दिसला तरी तिच्या मनात पाल चुकचुके.

घरीही ती तशीच. लग्न जमायच्या वयात तिनं तीन मुलांना असे काही प्रश्न विचारले, की तिघेही पुन्हा फिरकले नाहीत. पुढे तिनंही तो नाद सोडला. दोन खोल्यांचं घर, एक खुर्ची बसायला आणि दुसरी कपडे टाकायला. जवळचं माणूस म्हणजे धाकटी बहीण, तीही फोनवर.

पण बाईला एक छंद होता. क्लेममधल्या थापा, नावगाव बदलून, ती ब्लॉगवर लिहायची. ब्लॉगचं नाव ‘पटत नाही’. लिखाण तिखट आणि वाचणारे मोजके. ते बहुतेक स्वतःही ब्लॉग लिहिणारेच. कविता करणारा एक दातांचा डॉक्टर, निवडुंग वाढवणारी एक गृहिणी, तिकिटं जमवणारे एक निवृत्त कॅशियर आणि ‘खिडकीतून’ नावाचा ब्लॉग लिहिणारी एक बाई. खिडकीवाली आपल्या खिडकीतून जे दिसेल ते लिहायची. समोरचा टायरवाला, शाळा सुटल्यावरची पोरं, सिग्नलला भांडणारी जोडपी. यांतलं कुणी कुणाला भेटलेलं नव्हतं. मंडळी एकमेकांचं वाचत, खाली ‘वा वा’ लिहीत आणि आपल्याला कधी ‘वा वा’ येते याची वाट बघत. बाई मात्र ‘वा वा’ लिहीत नसे. फारच आवडलं तर ‘बरं आहे’. दातांच्या डॉक्टरला ते अजून एकदाही मिळालं नव्हतं.

या मंडळींत एक खेळ सुरू झाला. नाव ‘शाबासकी’. ज्याला मिळेल त्यानं स्वतःबद्दलच्या सात विचित्र गोष्टी सांगायच्या, इतरांबद्दल एकेक कौतुकाची ओळ लिहायची आणि शाबासकी पुढे द्यायची. खिडकीवालीनं ती दिली बाईला. सोबत ओळ होती: ‘हिला सहजासहजी काही पटत नाही. म्हणून ही “बरं आहे” म्हणाली की ते मला खरं वाटतं.’

बाईनं ते वाचलं, आणि तिला पहिली शंका आली ती ही, की कुणीतरी आपली टर उडवतंय. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, काहीतरी काम काढून घ्यायचं असणार. तिसऱ्यांदा वाचल्यावर मात्र शंका संपल्या. तिच्या साहेबांनी आजवर तिला एकच प्रशस्तिपत्र दिलं होतं: ‘तुमच्यामुळे लोक आपल्याला शिव्या घालतात.’ आणि इथे, न पाहिलेली एक बाई म्हणत होती, की तुझा शब्द मला खरा वाटतो. दुसऱ्या दिवशी कचेरीच्या लिफ्टमध्ये तिनं ती ओळ पुन्हा उघडली. जेवताना पुन्हा. माणसाला पन्नाशीत पहिल्यांदा कुणी चांगलं म्हटलं की असंच होतं, त्यात हसण्यासारखं काही नाही.

पण हाडाची सवय जाते कुठे? ओळ पाठ झाल्यावर तिनं खिडकीवालीच्या सात गोष्टी नीट वाचायला घेतल्या, आणि पहिल्याच गोष्टीपाशी थांबली.

‘मी झोपेत हसते, चांगली खळखळून.’ ‘गाढ झोपेत कुणी हाक मारली तर मी “ठेवलंय तिथेच” असं उत्तर देते.’ ‘खोटं बोलले की माझ्या कानाची पाळी लाल होते.’ ‘चालताना पाठीमागून पाहिलं तर माझा डावा खांदा खाली दिसतो.’ उरलेल्या तीनही याच जातीच्या.

तिनं लगेच बहिणीला फोन लावला.

“झोपेत आपण हसतो हे आपल्याला कसं कळणार गं?”

“कुणीतरी सांगितलं असेल तिला.”

“एक सांगेल, दोन सांगेल. सातच्या सात? स्वतःला ठाऊक असलेली एकही नाही? हे तिनं लिहिलेलंच नाही. तिच्याकडे बघत बसणाऱ्या कुणीतरी लिहिलंय.”

“बाई गं, तुझं कौतुक केलंय ना? मग घे की गपचूप पदरात.”

“कुणी केलंय ते कळायला नको?”

“तू ना, देव समोर उभा राहिला तरी ओळखपत्र मागशील,” म्हणून धाकटीनं फोन ठेवला.

बाईनं ‘खिडकीतून’चं जुनं लिखाण काढलं आणि क्लेमची फाइल चाळावी तसं चाळलं. पाणी मुरत होतंच. पूर्वी खिडकीवाली दर चार ओळींनी नवऱ्याला चिमटा काढायची. ‘आमच्या ह्यांना’ दिवा बदलता येत नाही, ‘आमचे हे’ चहात साखर विसरतात. गेल्या वर्षी मध्येच काही आठवडे काहीही लिखाण नाही. त्यानंतर पुन्हा सुरू झालं ते नवऱ्याशिवाय. वाक्यं आखूड झालेली. टायरवाला होता, शाळा होती, आणि ‘आमचे हे’ पार गायब. बाईचा अनुभव असा, की हकिकतीतून जो माणूस अचानक नाहीसा होतो, तोच ती हकिकत सांगत असतो.

मग बायको कुठे आहे? हा प्रश्न वाईटच होता. आणि त्याहून वाईट म्हणजे तिच्या मनात आलं, ती ओळही मग त्याचीच. कुणा भामट्यानं लिहिलेली. तिला राग आला तो खरं तर याचा, पण राग आला की माणूस स्वतःला न्यायाधीश समजायला लागतो. तिनं सगळ्यांना दिसेल अशी प्रतिक्रिया टाकली: ‘झोपेत आपण हसतो हे आपल्याला कसं कळतं? या सातही गोष्टी दुसऱ्याच कुणीतरी पाहिलेल्या आहेत. नक्की कोण लिहितंय इथे?’

झालं. मंडळींना आयतंच कोलीत मिळालं. डॉक्टरनं भुतावर चारोळी केली. निवडुंगवालीनं लिहिलं, ‘मलाही केव्हापासून वाटतच होतं.’ तिला कधी काही वाटलं नव्हतं. कॅशियर म्हणाले, पोलिसांत कळवावं काय? आणि त्याच आठवड्यात ‘खिडकीतून’ बंद झाला. उघडायला गेलं की कोरं पान.

बाई म्हणाली, बघा, चोराच्या मनात चांदणं. पण विजयाचा आनंद काही होईना. ती ओळही त्या पानाबरोबर गेली होती. पाठ होती हे खरं, पण आता ती कुणाची म्हणून आठवायची?

खिडकीवाली लिखाणासोबत टाकायची त्या जुन्या फोटोंपैकी एक तिच्या डोळ्यांपुढे राहिला होता. टायरच्या दुकानाची पाटी, तिच्यावर टायरलाच हातपाय काढलेलं एक वेडंवाकडं चित्र. ते दुकान तिला ठाऊक होतं. फुटलेल्या टायरच्या एका क्लेमसाठी ती तिथे जाऊन आली होती. सुट्टीच्या दिवशी सकाळी ती दुकानासमोर उभी राहिली, पाठ फिरवली आणि वर पाहिलं. दुसरा मजला, डावीकडची खिडकी. कोन बरोबर जुळत होता.

दार एका थकलेल्या, बिनइस्त्रीच्या गृहस्थांनी उघडलं.

“‘खिडकीतून’ लिहिणाऱ्या बाई इथेच राहतात ना? मी ‘पटत नाही’.”

गृहस्थांचा चेहरा पडला. ते पटकन बाहेर आले आणि त्यांनी पाठीमागे दार ओढून घेतलं. बाईनं तेही टिपलं. दार असं ओढून घेतलं की आत काहीतरी असतंच.

“आज नको. ती झोपलीय.”

“मग मी थांबते.”

“बरं नाहीये तिला.”

“बघूनच जाईन. तेवढ्यासाठीच आलेय.”

“अहो, तुम्ही काय पोलीस आहात?” ते दबक्या आवाजात चिडले.

तेवढ्यात दाराआडून आवाज आला. जड, ओढून आणलेला. “को… ण?”

बाईनं रचलेली फाइल तिथेच कोसळली. बायको होती. जिवंत होती.

गृहस्थ भिंतीला टेकले. “गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. वाचा गेली होती, आता मोजके शब्द येतात. लिहायचा हट्ट मात्र सुटेना. मग मी खिडकीतून बघतो, वाक्य म्हणतो. ती ‘हं’ म्हणेपर्यंत बदलत राहतो. एकेका पानाला दिवस दिवस लागतो. त्या सात गोष्टी तिला सांगता येईनात, म्हणून मीच माझ्या पाहण्यातल्या घातल्या. तिनं ‘हं’ म्हटलं. तुम्ही विचारलंत ते चूक नव्हतं. पण मी खोटा ठरलो की तीही खोटी ठरणार, म्हणून बंद करून टाकला.”

“त्यांना ठाऊक आहे?”

“मशीन बिघडलंय म्हणून सांगितलंय. आणि प्रतिक्रिया फोनवर येतात, त्या कागदावर उतरवून घेतो असं सांगून रोज मनानंच रचून वाचतो. त्या ऐकल्याशिवाय ती जेवत नाही.” ते थोडे घुटमळले. “बाकीच्यांच्या जमतात. तुमची जमत नाही. वाचली की मान फिरवते.”

बाईला त्या माणसाकडे पाहवेना. खोटेपणा पकडायचा तिला इतक्या वर्षांचा सराव, पण असा खोटेपणा तिच्या टेबलावर कधी आला नव्हता. “आणि माझ्याबद्दलची ती ओळ?” तिनं विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं.

“इतरांच्या मी लिहिल्या. तुमच्यासाठी मला काही सुचेना. खरं सांगू? मला तुमचं लिखाण आवडत नाही. फार बोचतं. ती ओळ तिची. एकेक शब्द करून संपूर्ण सकाळ घेतली तिनं.”

मग त्यांनी दार उघडलं. खिडकीला लावून पलंग, पलंगाला खेटून कॉम्प्युटरचं टेबल, औषधांच्या बाटल्या. पलंगावर उशांना टेकून बसलेली बाई एका बाजूनं वाकलेली, पण डोळे लख्ख. त्या डोळ्यांनी पाहुणीला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

“बँकेतल्या बाई आहेत,” नवरा म्हणाला.

 तिनं टेबलाकडे बोट केलं. “वाच.”

नवऱ्याची पंचाईत झाली. तो कागद हातात धरून निवडुंगवालीचं कौतुक वाचू लागला, मग डॉक्टरचं. शेवटी घसा खाकरून म्हणाला, “आणि ‘पटत नाही’ लिहितात: अप्रतिम! वाचून डोळ्यांत पाणी आलं!”

“काहीतरीच काय!” बाईच्या तोंडून निघून गेलं. “डोळ्यांत पाणीबिणी मी कधी लिहीत नाही!”

 नवऱ्यानं कपाळाला हात लावला. पलंगावरची बाई मात्र पाहुणीकडे टक लावून बघत होती, आणि तिच्या चांगल्या बाजूचा ओठ वर चढत होता.

“तू,” ती म्हणाली.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. बाई खुर्चीवर बसली. “हो, मीच. मशीन बिघडलेलं नाही. मी चारचौघांत विचारलं, की हे नक्की कोण लिहितंय, म्हणून यांनी बंद केलं.” तिनं पर्स मांडीवर घेतली. “त्या सात गोष्टी मला पटल्या नाहीत. एखाद्या माणसाकडे दुसरं माणूस इतकं बघतं, हेच मला पटलं नाही. मी झोपेत हसते की रडते, घोरते की काय करते, हे सांगायला माझ्या घरात कुणी नाही. मला वाटलं, मी तुमची लबाडी पकडली. मला तुमचा हेवा वाटला होता, दुसरं काही नाही.”

रस्त्यावर टायरवाल्यानं काहीतरी धाडकन आपटलं. पलंगावरच्या बाईनं नवऱ्याकडे पाहिलं, बराच वेळ. त्याची मान खाली होती. तिनं डावा हात त्याच्या मनगटावर ठेवला, आणि मग पाहुणीकडे वळून म्हणाली, “तुझ्या… सात?”

“माझ्या? माझं काय विचित्र असणार? मी अगदी साधी आहे.”

ती नकारार्थी पुटपुटली, आणि शब्द शोधू लागली. नवरा पुढे झुकला. शब्द सापडला. “मान.” मग तिनं बाईकडे बोट केलं, कष्टानं ‘हो’ म्हटलं आणि म्हणता म्हणता आपली मान डावीकडून उजवीकडे हलवली.

“ती म्हणतेय,” नवऱ्यानं ओळ पुरी केली, “तुम्ही ‘हो’ म्हणतानासुद्धा मान ‘नाही’ अशी हलवता. खरंच की! मघाशी ‘हो, मीच’ म्हणालात, तेव्हाही.”

“मी? छे!”

बाईकडे आयुष्यात पुष्कळ लोकांनी पाहिलं होतं, पण हिला काय सापडलं या भीतीनं. नुसतं तिच्याकडे म्हणून कुणी पाहिलेलं तिला आठवेना. 

“ब्लॉग उद्या उघडतो,” नवरा म्हणाला. “दोघांच्या नावानं.”

पलंगावरच्या बाईनं ‘हं’ म्हटलं. मग पाहुणीला विचारलं, “येशील? परत?”

“हो,” बाई म्हणाली, आणि या खेपेला आपली मान कुठे हलतेय ते तिला कळलं. पण ती थांबवायच्या आत समोरची बाई हसायला लागली होती, चांगली जागेपणी, खळखळून.