सतरा दिवसांनी हुकलेली मुदत

माझी ताई हिशेबतपासनिसाच्या ऑफिसात अकरा वर्षं राबली. स्वतः हिशेबतपासनीस व्हायच्या परवान्याच्या परीक्षेला बसली तेव्हा तिची मुलगी शाळेत जायला लागली होती. पेपर चार, पहिला सुटला की दीड वर्षात बाकीचे तीन सोडवायचे, नाहीतर पहिला बाद. पहाटे स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभी राहून ती वाचायची; बसलं की डोळा लागायचा.

तीन सुटले. चौथ्यासाठी केंद्रात जागाही धरली होती. तेवढ्यात साहेब म्हणाले, "ऐन ऑडिटच्या हंगामात रजा? पुढे ढकल की! मुदतीला अजून अवकाश आहे."

ताईनं ढकलला. मुदत संपायला चार दिवस असताना पेपर दिला, निर्धास्त झाली. तीन आठवड्यांनी निकाल लागला: पास! आणि त्याच पत्रात खाली एक ओळ: मुदतीसाठी पेपरचा नव्हे, निकालाचा दिवस धरला जातो, सबब पहिला पेपर रद्द.

दुसऱ्या दिवशी ती तडक साहेबांच्या खोलीत गेली.

"नियम वाचायला हवे होतेस," साहेब म्हणाले.

"चुकलं माझं. पण वीस वर्षं तुमच्याकडे उमेदवार येताहेत. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

साहेबांनी चष्मा पुसला. "ठाऊक होतं. तुलाही असेल असं वाटलं."

हे तिनं घरी सांगितलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ठाऊक होतं, आणि तरी तोंडात मिठाची गुळणी धरून बसला हा माणूस! का, तर ऑफिसचं काम अडू नये!

ताई मात्र रडली नाही. पहिला रद्द झाल्यावर दीड वर्षं आता दुसऱ्या पेपरपासून मोजली जाणार होती, आणि ती मुदतही चार महिन्यांवर आली होती; तेवढ्यात पहिला पुन्हा सोडवायचा होता. तिनं कॅलेंडर घेतलं, आधी निकालाच्या तारखा पाहिल्या, तिथून मागे मोजत परीक्षेचा दिवस ठरवला, जागा धरली आणि मगच रजेचा अर्ज टेबलावर ठेवला. "मंजूर करा, नका करू. त्या दिवशी मी येणार नाही."

निकाल मुदतीच्या पंधरा दिवस आधी आला. पास. परवाना मिळाल्यावर साहेबांनी सगळ्यांना गोळा करून भाषण ठोकलं: "आमच्या ऑफिसात माणसं घडतात."

टाळ्या पडल्या. ताई उठली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "साहेब, घडत नाहीत. तुमच्या हातून निसटतात, एवढंच."

राजीनामा तिनं त्याच आठवड्यात दिला.