संध्याकाळचं दळण

आमच्या गिरणीला तासाप्रमाणे दर लावणारा नवा मीटर बसला तेव्हा घरात फक्त मला आनंद झाला. बाकीच्यांना त्यातलं काही कळलं नाही. मी बिल हातात घेतलं, एकदा वाचलं आणि लगेच उमगलं. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच वीज स्वस्त. पाच वाजले की महाग, ती थेट मध्यरात्रीपर्यंत. एवढंच तर होतं. मी म्हटलं, आता बघा मी ही गिरणी कशी चालवते ते.

माझा हा आत्मविश्वास हवेतला नव्हता. माझं माहेर राहू गावचं, दौंड तालुक्यातलं, नदीच्या पलीकडचं. तिथं शेतीची लाईट एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री यायची. जेवण, झोप, पाहुणे, सगळं लाईटच्या वेळापत्रकावर. माझ्या साखरपुड्याची वेळसुद्धा वडिलांनी मोटार बंद असण्याच्या तासांत धरली होती. पाहुणे ओटी भरत होते आणि वडील घड्याळ बघत होते. अशा घरातली मुलगी मी. विजेच्या वेळेला आपण वाकायचं असतं, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.

सासरी, वडगाव रासाईला, घराच्या पुढच्या खोलीत पिठाची गिरणी. ती सासूबाईंची. त्यांना मी आत्या म्हणते. तीस वर्षं त्यांनी ती एकटीनं चालवली होती. नवरा कारेगावला कारखान्यात जातो, त्याला गिरणीतलं पट्टा बदलण्यापलीकडे काही येत नाही. मी बी.कॉम. झालेली, हातपाय हलवायची सवय असलेली, आणि तोंडानंही कमी नाही. दोन वर्षांत व्यवहार माझ्याकडे आला.

मीटर बसल्यावर मी नियम केला. दळण नऊ ते पाच. सकाळी डबा ठेवून जायचं, संध्याकाळी न्यायचं. प्रत्येक डब्यावर स्केचपेननं नंबर. आत्यांना सांगितलं तेव्हा त्या ज्वारी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बाया कवा मोकळ्या हुत्यात? रानातनं, कामावनं आल्यावरच की. सहाच्या पुढं."

"म्हणूनच डबा ठेवायचा आत्या."

"आपलं धान्य दुसऱ्याच्या हाती टाकून कोण जातंय गं?"

त्यांचं म्हणणं मला कळत होतं. आमच्याकडे बाई दळणाला आली की गिरणीपाशी उभी राहते. आपल्या आधी काय दळलं ते बघते. पीठ पडायला लागलं की गरम गरम चिमूट बोटांत चोळून बघते आणि मशीनच्या आवाजावर ओरडून सांगते, जाड येतंय, दगड दाबा. गहू आपल्या रानातला असतो, त्यात दुसऱ्याचं मूठभर आलेलं तिला चालत नाही. आणि उभं राहिल्या राहिल्या गावातल्या सगळ्या बातम्याही दळून निघतात. संध्याकाळी सहा ते आठ आमची पुढची खोली गच्च भरलेली असायची आणि आत्या मधोमध, भुवयांपर्यंत पांढऱ्या झालेल्या.

पण मला तेव्हा त्यात फक्त महागडे तास दिसले. मी नियम रेटला. काही जणी कुरकुरल्या, दोघी-तिघी दुसऱ्या गिरणीकडे गेल्या, बाकीच्या डबे ठेवू लागल्या. पुढचं बिल आलं आणि मी ते नवऱ्याच्या जेवणाच्या ताटाशेजारी ठेवलं. तो म्हणाला, "भारी काम केलंस." आत्यांनी आपलं ताट उचललं नि मोरीत नेऊन ठेवलं. संध्याकाळी त्या पायरीवर बसायच्या आणि नंबर बघून डबे हातात द्यायच्या. बायका डबा घ्यायच्या नि चालू लागायच्या.

मग नवरात्र आलं. नवी बाजरी त्याच सुमाराला घराघरात आलेली असते. त्यामुळे डब्यांची रांग पायरीच्या खाली गेलेली.

आमच्या मागच्या घरात एक आक्का राहतात. आत्यांच्या वयाच्या, एकट्या. नवरात्राचे नऊ दिवस त्यांचा कडक उपास, नवसाचा, कित्येक वर्षं चाललेला. राजगिऱ्याचं पीठ त्या फक्त आमच्याकडून दळून न्यायच्या आणि त्याला कारण होतं. उपासाचं दळण आलं की आत्या मशीन बंद करायच्या, वरचा दगड उघडायच्या, कुंच्यानं झाडून लख्ख करायच्या. पीठ पडायच्या तोंडाला बांधायची कापडी पिशवी त्यासाठी वेगळी, धुतलेली. त्यावर पहिला मूठभर राजगिरा दळून तो बाजूला काढायचा आणि मग खरं दळण. अर्धा तास मोडतो त्यात. पैसे मात्र नेहमीचेच.

आक्कांनी माझा नियम पाळला. सकाळी डबा ठेवला नि गेल्या. त्या दुपारी आत्या कांद्याच्या लागणीला रानात होत्या. मी एकटी. पावणेपाच झाले तेव्हा चार डबे उरले होते आणि मशीनमधून नुकतीच कुणाची तरी बाजरी उतरली होती. नंबर लागला आक्कांचा. दगड उघडायचा म्हणजे पाच वाजून जाणार. मी नेहमीचीच पिशवी दोनदा आपटली, बाहेरून फडकं मारलं आणि राजगिरा ओतला.

चुकून झालं असं मी म्हणणार नाही. मला माहीत होतं. पाचला दोन मिनिटं कमी असताना शेवटचा डबा भरला आणि घड्याळाकडे बघून मी स्वतःवर खूश झाले, हेही खरं.

तिसऱ्या दिवशी, बायका डबे न्यायला आल्या होत्या तेव्हा, आक्का आल्या. चालताना थोड्या लटपटत होत्या, उपासानं. त्यांनी डबा पायरीवर ठेवून उघडला.

"ह्यात बाजरी हाय," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "दोन दिस खाल्लं मी. डोळ्याला दिसंना, आज उन्हात बघितलं."

सगळ्या डब्याभोवती वाकल्या. आत्यांनी चिमूट घेतली, तळहातावर पसरली. करडे ठिपके मला दारातूनही दिसत होते. आत्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. एकदाच. मग म्हणाल्या, "माझ्याकडनं झालं आक्का. दगड झाडायचा ऱ्हायला माझा."

आणि मी गप्प बसले. सगळ्यांच्या आधी जिचं तोंड सुटतं ती मी, हातात कुणाचा तरी डबा घेऊन तशीच उभी राहिले. आक्कांनी आत्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि डबा तिथंच सोडून त्या मागं वळल्या. तीस वर्षं आत्यांच्या हाताला कुणी नाव ठेवलं नव्हतं. त्यावर दहा-बारा बायकांदेखत डाग पडला, माझ्या अर्ध्या तासापायी, आणि मी तो पडू दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यांनी चहाबरोबर भाकरी घेतली नाही. नवरात्राचे उरलेले दिवस त्यांनी उपास धरला. कधी धरत नव्हत्या, गोळ्या चालू असतात त्यांच्या. मी म्हटलं, "चक्कर येईल तुम्हाला." म्हणाल्या, "तिचा मोडला. कुणीतरी पुरा कराया पायजे." दोन वेळा उकडलेलं रताळं आणि घोटभर दूध. गिरणीत मात्र आल्या नाहीत. "तू दळ," एवढंच म्हणायच्या. मी दळत राहिले, पण खरं काय ते बोलले नाही.

मी करणारी बाई आहे. बोलून दाखवण्यापेक्षा काहीतरी करून टाकणं मला सोपं जातं. दसरा झाला आणि तिसऱ्या दिवशी मी कागदपत्रं घेऊन शिरूरला वीज ऑफिसात गेले. म्हटलं, गिरणीचं थ्री-फेज कनेक्शन बंद करायचंय. छोटी घरगुती गिरणी घरच्याच मीटरवर चालवणार.

टेबलामागच्या माणसानं चष्मा वर केला. "ताई, दिवसा स्वस्त पडतंय तुम्हाला. चांगली सवलत सोडताय. परत मागायला आलात तर सगळं पहिल्यापासून करावं लागंल."

"घरगुती दराला संध्याकाळी जादा आकार आहे का?"

"न्हाई. तसा काय न्हाई."

"मग तोच द्या."

त्यानं समजावलं ते नीट ऐकून घेतलं. घरातला छोटा उद्योग असेल आणि वापर ठरावीक युनिटांच्या आत राहिला तर घरगुती दर चालतो. जास्त दळलं की वरच्या टप्प्याचा भाव. म्हणजे गिऱ्हाईक मोजकंच ठेवायचं. मी ते येताना एसटीतच ठरवलं. आपली गल्ली, मागची वस्ती, बस. मोठी गिरणी विकली, एक फेजवर चालणारी लहान आणली. नवरा म्हणाला, "एवढी घाई कशाला?" त्याला म्हटलं, "घाईत एक काम आधीच करून बसलेय, हे सावकाशच चाललंय."

मीटर बंद केल्याची पावती मी आत्यांच्या पुढ्यात ठेवली. माझ्या मनात ती माफीच होती. "आता संध्याकाळी दळायचं," मी म्हटलं. "सहाला, सातला, कवाबी. विजेचा दर दिवसभर तोच."

आत्यांनी कागद उलटा-सुलटा केला. "बरं केलंस," त्या म्हणाल्या. "आन् आक्काला काय सांगितलंस?"

शिरूरचं ऑफिस, मिस्त्री, जुन्या गिरणीचं गिऱ्हाईक, सगळीकडे मी ताठ मानेनं जाऊन आले होते. मागच्या अंगणातली पन्नास पावलं राहिली होती.

त्या संध्याकाळी ती चालले. आक्का चुलीपाशी होत्या. "संध्याकाळचं दळण सुरू झालंय आक्का," मी म्हटलं, "चला." त्यांनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं, मग शेजारचा डबा काखेत घेतला.

पुढच्या खोलीत सात-आठ जणी जमल्या होत्या. नवी गिरणी बघायलाच आल्या होत्या खरं तर, आणि ही केवढीशी, भात्यावाणी वाजतीय, म्हणून हसत होत्या. आत्या कोपऱ्यात बसल्या होत्या, हाताला पीठ नाही. मी बटण बंद केलं.

"नवरात्रातली बाजरी माझ्या हातानं गेली," मी म्हटलं. "आत्या रानात होत्या. दगड झाडायला पायजे हे मला माहीत होतं. पाच वाजायला आले म्हणून झाडला नाही. आणि त्यांनी अंगावर घेतलं तेव्हा मी गप्प बसले."

बोलताना आवाज फाटला माझा. मग आक्का म्हणाल्या, "ठाव हाय की."

"काय?"

"तिनं अंगावर घेतलं तवाच कळलं. तिच्या हातचं काय आजकाल खातीया व्हय मी?"

बाकीच्या जणी भिंतीकडे, पायाच्या बोटांकडे बघत होत्या. त्या सगळ्यांनाच माहीत होतं. इतके दिवस त्या माझ्याशी हसून बोलत होत्या, आणि लपलंय असं समजणारी त्या गल्लीत मी एकटीच होते.

"मग बोलला का नाही तुम्ही?" मी विचारलं.

"तिनं तुला पदराखाली घेतलं," आक्का म्हणाल्या. "त्यो पदर मी कशाला वढू?"

मी रडले. सगळ्यांसमोर, नाक ओढत, लहान पोरीसारखी. कुणी समजूत घातली नाही. आक्कांनी फक्त डबा माझ्या पुढं सरकवला आणि झाकण काढलं. राजगिरा होता.

"उद्या सोमवार हाय माझा," त्या म्हणाल्या. "तूच दळ."