नमुना क्रमांक सात

सभागृह हसलं तेव्हा स्पीकरवर माझ्या आईचा आवाज चालू होता. आणि बटण मीच दाबलं होतं.

झाशीतल्या आमच्या कॉलेजात परदेशी विद्यापीठाची माणसं आली होती. विषय होता बहुभाषिक आणि बहुसांस्कृतिक संवाद. दोन दिवस भाषणं, मग इथल्या एका संशोधकाला सहा महिने तिकडे बोलावणार. त्या एका जागेसाठी मी आणि नेहा, दोघींनी अर्ज केला होता. नेहा विभागप्रमुख मॅडमची भाची. जुनं मराठी घराणं, पूर्वजांनी इथे कारभार पाहिलेला. माझे बाबा अमरावतीकडून फौजेत आले, झाशीजवळच्या बबीना छावणीत राहिले, शिपाई म्हणूनच रिटायर झाले. माझं आडनाव ऐकलं की मॅडम "अच्छा, अच्छा" म्हणायच्या. दोनदा. त्यात सगळं आलं.

मी नेहावर जळायचे. खोटं कशाला सांगू? तिच्या धुतल्यासारख्या मराठीवर जळायचे. "आत्या" म्हणत ती मॅडमच्या केबिनमध्ये न विचारता शिरायची, त्यावर जळायचे. इंग्रजी बोलताना तिचे हात कसे हलतात, ते मी आरशासमोर करून पाहिलं होतं. माझे हात लाकडासारखे.

पण रेकॉर्डिंग माझी होती. मऊरानीपुरच्या बसमध्ये धक्के खाऊन, ओरछा गेटच्या गल्ल्या फिरून, बबीन्यातल्या क्वार्टरांत बसून दोन वर्षं मी लोकांचं बोलणं गोळा केलं. मॅडम म्हणाल्या, "विभागात जमा कर. काम सगळ्यांचंच असतं." मी केलं.

कार्यक्रमात मंचावर नेहा उभी राहिली. मला सांगितलं, "तू लॅपटॉप सांभाळ."

पडद्यावर आलं, 'नमुना क्रमांक सात'. नाव नाही, गाव नाही. मी बटण दाबलं.

"माझी जचकी होती. बगलवाली अम्मा आली. तिला मराठी येईना, मला बुंदेली. ती बोलली, 'बिन्नू, डरियो नईं.' मी समझून गेले."

'समझून गेले'वर पहिली रांग हसली. नेहाही हसली. म्हणाली, "धड मराठी नाही, धड हिंदी नाही. संस्कार नसले की भाषा अशी सडते." मॅडमनी पाहुण्यांना ते इंग्रजीत सांगितलं. मग पाहुणेही हसले.

त्या जचकीत जन्मलेली पोरगी मी.

आधी मला लाज वाटली. आईची. ही माझी आई आहे हे कुणाला कळू नये, असं वाटलं. हे लिहिताना हात अडतो, पण लिहिते. मग त्या लाजेचाच संताप आला. शेजारचा माईक उचलला.

"ही नमुना नाही. माझी आई आहे. शांता नाव तिचं. दोघी बायांना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी बाळंतपण पार पडलं. तुमचा विषय हाच आहे ना? मग हसता कशाला? आणि ही सगळी रेकॉर्डिंग मी केली आहेत."

रागात मॅडमची मराठी गेली. "बैठ जाओ! तमाशा मत करो!"

मी बसले नाही. लॅपटॉपमधून माझा पेनड्राइव्ह काढला आणि बाहेर पडले.

जागा नेहाला मिळाली. मला निरोप आला, माफीनामा दे, नाहीतर पुढच्या सत्रात शिकवायला तास मिळणार नाहीत. आईला सांगितलं. ती पोळी लाटत होती. "माफी कशाची? मी काय झूठ बोलले?"

माफीनामा दिला नाही. तास गेले. माफीनाम्यासाठी काढलेल्या कागदावर त्या परदेशी विद्यापीठाला पत्र लिहिलं. कोणतं बोलणं कुणाचं, कुठे घेतलं, माझ्या वहीत कोणत्या पानावर आहे, सगळं. अजून उत्तर नाही.

नेहाचे तिकडचे फोटो मी रोज बघते. बर्फ, लायब्ररी, तिच्या गळ्यात ओळखपत्र. आजही जळते. जळू दे.

सध्या घरोघर परत जाते आहे. तुमचा आवाज न विचारता विभागात दिला, हे सांगते. माझ्या कामात तो वापरू का, विचारते. हो म्हणणाऱ्याचं नाव लिहून सही घेते. दोघांनी नाही म्हटलं, त्यांचं पुसून टाकलं.

पुढच्या वर्षी ती जागा पुन्हा निघेल, तेव्हा अर्ज करणार आहे. नाकारला तर कारण लेखी मागेन. कारण मिळालं की पुन्हा अर्ज करेन.