खड्ड्यात गेलेली खिचडी

शाळेच्या कुंपणापाशी मी उभा होतो. आत स्वयंपाक करणाऱ्या शकुंतलाबाई उरलेली पातेलंभर गरम खिचडी खड्ड्यात ओतत होत्या. अशी वाफ उठली, की वाटलं आता ढग जमून तालुकाभर खिचडीच बरसणार. बाहेर वीटभट्टीवरच्या चार बाया रिकामे डबे घेऊन ते बघत होत्या.

"अहो, त्यांना द्या की!" मी ओरडलो.

"उरलेलं बाहेर गेलं तर माझं काम जाईल, दादा. हेडसरांनी बजावलंय."

माझं डोकं इतकं तापलं, की त्यावर आणखी एक पातेलं शिजलं असतं. हेडसर म्हणे, "कुणाला बाधली तर?" तासाभरापूर्वी तीच खिचडी स्वतः चाखून त्यांनी वहीत सही ठोकली होती! पोरांना ती पोषण, आणि त्याच पोरांच्या आयांना विष?

दुसऱ्या दिवशी जेवणाची सुट्टी संपायच्या आत शकुंतलाबाईंनी भट्टीवरच्या पोरांना हाक मारली. "डबे आणा रे! पोर मागेल तितकं वाढायचं, हाही नियमच आहे, सर." हेडसरांनी घड्याळाकडे असं पाहिलं, जणू काटे त्यांचे नोकर होते. तीन पोरं भरलेले डबे घेऊन आयांकडे पळाली.

चौथ्या बाईचं पोर अजून अंगावर पीत होतं. ती रिकामा डबा घेऊन कुंपणाबाहेर तशीच उभी राहिली.

शकुंतलाबाईंनी डाव खाली ठेवला. "सर, हिचं नाव कोणत्या इयत्तेत घालता?"